चार हजार माणसांचं शहर: माथेरान

आजचा एपिसोड माथेरानचा आहे, पण सुरुवात जरा लांबून करू. बाल्टिक समुद्रात ऑलंड नावाची बेटं आहेत. देश फिनलंड, पण माणसं बोलतात स्वीडिश. तिथे सोतुंगा नावाची एक नगरपालिका आहे आणि तिची लोकसंख्या आहे जेमतेम शंभर. आपल्याकडे एवढी माणसं एका चाळीत राहतात. तरी त्यांचा कारभार त्यांचाच.

आपल्याकडे असं बेट कुठे? माझं उत्तर माथेरान. चारी बाजूंनी समुद्र नाही, कडे आहेत. उंची साधारण ८०० मीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,३९३. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या टॉवर कॉम्प्लेक्सात याहून जास्त माणसं निघतील. पण इथे १९०५ पासून स्वतःची नगरपालिका आहे. आजही ती राज्यातल्या सगळ्यात छोट्या नगरपरिषदांपैकी एक.

पुस्तकात काय लिहितात? १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं माथेरान ‘शोधलं’. हा शब्द मला कधीच पटला नाही. तो खालापूरकडच्या चौक गावातून वर चढला, आणि या डोंगरात धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते. माथ्यावरचं रान ते माथेरान, हे नाव काय साहेबानं ठेवलं होतं? त्यानं केलं एवढंच, की इथे बंगले बांधायची कल्पना काढली. मग गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात ठिकाण नावारूपाला आलं. मागून मुंबईचे पारशी, बोहरी व्यापारी आले.

त्यातलेच सर आदमजी पीरभॉय. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळवरून वर रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. खर्च सुमारे १६ लाख, तोही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा! रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, वळणं अशी की डब्यातून पुढचं इंजिन दिसावं. १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. २००५ च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले, ती परत धावायला २००७ उजाडलं. गाडी बंद पडली की पर्यटकाची गैरसोय होते, गावाची मात्र एक वाटच जाते.

कारण इथे मोटार चालत नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे चालायचं, नाहीतर घोडा, आणि २०२५ पर्यंत तरी माणसानं ओढायची रिक्षा. २००३ मध्ये केंद्रानं हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला, तेव्हा या जुन्या रिवाजाला कायद्याचं बळ आलं. आपल्याला ते भारी वाटतं, धूर नाही, हॉर्न नाही. पण गॅसचा सिलिंडर, विटा, तांदूळ, सगळं घोड्यावर किंवा हातगाडीवर येतं. शांततेची हमाली कुणीतरी करतंच की.

आता या गावच्या एका माणसाबद्दल. ट्रेकर सोडले तर फार कुणाला त्यांचं नाव माहीत नसतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. १९१२ साली माथेरानमध्येच जन्म, गरीब नाभिक कुटुंबात. वकील झाले आणि परत गावी आले. नगरपालिकेत निवडून आले, उपाध्यक्ष झाले. खाली कर्जत भागातल्या आदिवासी आणि शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा काढल्या. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याची कोठी उभी केली. १९४२ ला ‘आझाद दस्ता’ काढून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई आणि हिराजी पाटील तिथेच गेले. वय तीस. एवढ्याशा नगरपालिकेचा एवढा मोठा उपाध्यक्ष!

आणि आजचं? भांडण चाकांचं आहे. हातरिक्षा ओढणारे वर्षानुवर्षं म्हणत होते, आम्हाला ई-रिक्षा द्या. घोडेवाल्यांना धास्ती, की मग आमच्या पोटाचं काय? रस्त्यावर मातीचे ब्लॉक टाकले तर घोडे घसरतात, हीही त्यांची तक्रार. दोघंही गावचेच, दोघांचीही पोरं एकाच शाळेत. मला विचाराल तर रिक्षावाल्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं. माणसानं माणसाला ओढायचं, तेही चढावर, याला परंपरा म्हणू नये.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावल्या. लांब चालत शाळेत जाणाऱ्या पोरांना त्याचं मोल विचारा. मग ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं, की ही प्रथा अमानवी आहे. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही राज्य सरकारला बजावलं. चार हजार माणसांच्या गावातला रस्त्याचा प्रश्न दिल्लीत सुटला!

ब्लॉकबद्दलही कोर्टानं रेघ ओढून दिली. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील. आतल्या रस्त्यांवर मात्र लाल मातीच.