विलेट्स पॉइंट

विलेट्स पॉइंट : मोटारगाड्यांची गॅरेजे, सुट्या भागांची दुकाने व भंगाराच्या वखारी यांसाठी अनेक दशके प्रसिद्ध असलेला, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील औद्योगिक भाग. क्षेत्रफळ सु. २५ हेक्टर. याच्या पूर्वेस फ्लशिंग खाडी आणि पश्चिमेस बेसबॉलचे क्रीडागार (१९६४ पासून शे स्टेडियम, २००९ पासून सिटी फील्ड) आहे. आकारामुळे व व्यवसायामुळे यास ‘लोखंडी त्रिकोण’ असेही म्हणतात. भूवापराच्या परिक्षेत्रांवरून नगरप्रशासन व छोटे व्यावसायिक यांच्यात झालेल्या प्रदीर्घ संघर्षामुळे नगररचनेच्या इतिहासात या भागाला महत्त्व आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या परिसरातील दलदलीत ब्रुकलिनमधील कोळशाची राख टाकली जाई. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लगतचे राखेचे ढीग सपाट करण्यात आले; मात्र हा त्रिकोण त्या योजनेबाहेर राहिला व तेथे भंगाराचा व्यापार वाढला. १९६४-६५ च्या प्रदर्शनाच्या वेळी रॉबर्ट मोझेस यांनी हा भाग मोकळा करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा भंगारव्यापाऱ्यांची बाजू मारिओ क्वोमो या तरुण वकिलाने यशस्वीपणे मांडली. हेच क्वोमो पुढे राज्याचे गव्हर्नर झाले (१९८३–९४).

मोटारदुरुस्तीच्या धंद्याला स्वस्त व मोकळी जागा लागते. त्यातील आवाज, तेल व रंगाचा वास यांमुळे निवासी भागात त्याला सहसा थारा मिळत नाही. त्यामुळे जड उद्योगांच्या परिक्षेत्रात असे धंदे एकवटतात. येथे काच, सायलेन्सर, टायर, पत्राकाम अशी निरनिराळी कामे एकाच गल्लीत होत व लागणारा भाग शेजारच्या वखारीत मिळे. या परस्परावलंबनामुळे दुरुस्ती स्वस्त पडे. कारागिरांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांचा मोठा भरणा होता.

मात्र या भागाला मलनिस्सारणाच्या वाहिन्या मिळाल्या नाहीत. रस्ते खचलेले असत व पावसाचे पाणी दिवसेंदिवस तुंबून राही. वादाचे मूळ येथेच होते. जमीन सखल व तेलाने दूषित असल्याने तिची शुद्धी व भराव तुकड्यातुकड्याने शक्य नाही, सबब संपूर्ण पुनर्विकास हाच उपाय, असे प्रशासनाचे म्हणणे होते. उलट, कर घेऊनही प्रशासनाने सुविधा नाकारल्या आणि त्यातून आलेली अवकळाच आता हुसकावण्याचे कारण म्हणून पुढे केली जाते, असा व्यावसायिकांचा आरोप होता. याविषयीचा त्यांचा दावा संघीय न्यायालयाने फेटाळला.

२००८ मध्ये सिटी कौन्सिलने मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाची योजना मंजूर केली. तीनुसार जड उद्योगांचे परिक्षेत्र रद्द होऊन सु. ५,५०० घरे, दुकाने व हॉटेल यांसाठी खास परिक्षेत्र निर्माण झाले. सक्तीच्या भूसंपादनाची कारवाई मात्र २०१२ मध्ये मागे घेण्यात आली. सुधारित योजनेतील क्रीडागाराच्या वाहनतळावरील व्यापारसंकुल राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१७ मध्ये अवैध ठरविले. कारण ती जागा कायद्याने सार्वजनिक उद्यानाची होती. २०२४ मध्ये २,५०० परवडणारी घरे, हॉटेल व २५,००० आसनांचे फुटबॉल क्रीडागार यांच्या योजनेस मान्यता मिळाली व त्याच वर्षी क्रीडागाराचे काम सुरू झाले.

या दीर्घ वादात जमीनमालकांना विक्रीची किंमत मिळाली. बहुसंख्य गॅरेजवाले भाडेकरू असल्याने त्यांच्या वाट्याला मर्यादित स्थलांतर-साहाय्य आले. काही गॅरेजवाल्यांनी सहकारी संस्था काढून ब्राँक्समधील हंट्स पॉइंट येथे एकत्र जाण्याचा प्रयत्न केला. परंतु इमारतीतील कामे व परवाने यांत विलंब होऊन तो असफल झाला. अनेक धंदे विखुरले व परस्परावलंबनाचा लाभ संपला. परिक्षेत्र बदलल्याने जमिनीचे मोल वाढते. परंतु त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या धंद्याचे मोल मोजण्याची सोय परिक्षेत्रांच्या नियमांत नसते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.