जखमी जनावर आणि सातपुड्याची सडक

सातपुड्याच्या रानात बंदूक घेऊन हिंडणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांचा एक नियम होता. तो मोडणाऱ्याला पुढच्या मुक्कामावर मान खाली घालून बसावे लागे. जखमी जनावर रानात टाकून निघून जायचे नाही. गोळी भलत्या जागी लागली, वाघ किंवा बिबट रक्त सांडत झाडीत शिरला, तर ज्याने गोळी झाडली त्यानेच त्याचा माग काढायचा. अंधार पडला असेल तर रात्र काढून पहाटे निघायचे. वाट दाखवायला गोंड आणि बैगा मागकाढे असत. पुष्कळदा जवळच्या गावातून म्हशींचा कळप आणून तो झुडपांच्या दिशेने हाकत. म्हशींना वाघाचा वास लागला की त्या एकवटून फुरफुरत उभ्या राहत आणि जनावर कुठे दबा धरून बसले आहे ते कळे. या कामात शिकारी मेले आहेत, मागकाढे तर त्याहून अधिक.

नियमामागे दया होती आणि भीतीही. वेदनेत तडफडणारे जनावर तसेच सोडणे लाजिरवाणे मानले जाई, आणि पंगू झालेला वाघ उद्या गुराख्यावर किंवा लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बाईवर झडप घालील हेही माहीत होते. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे खाल्ली असे सांगतात. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले निघाले. कुणाच्या तरी जुन्या गोळीची ती जखम होती. गोळी झाडणारा कधीच निघून गेला होता आणि त्याची किंमत कुमाऊंच्या खेड्यांनी मोजली.

शिकार वाईट होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. पण जखमी जनावराची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला त्या काळापाशी उत्तर होते. शिकारी गेले, त्यांच्या जागी मोटारी आल्या, आणि ते उत्तर मधल्या मध्ये हरवले.

नागपूरहून कामठी, मनसर, देवलापार, खवासा, सिवनी करत जबलपूरला जाणारी सडक या गोष्टीची साक्षीदार आहे. एकोणिसाव्या शतकात हा उत्तरेला दख्खनशी जोडणारा मोठा रस्ता होता. कॅप्टन जेम्स फोरसिथचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये आले. रॉबर्ट स्टर्नडेलचे सिवनीच्या रानावरचे पुस्तक आले १८७७ मध्ये. अशा वर्णनांच्या आधारावर किपलिंगने ‘जंगल बुक’मधले रान सिवनीच्या टेकड्यांत वसवले, तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता. त्या दिवसांत या सडकेवर धोका होता तो माणसाला. डाकेचा हरकारा घुंगरू लावलेला भाला घेऊन धावे, बैलगाड्या तांडा करून चालत, आणि वाघाने वाट अडवली की दोन दोन दिवस डाक पोहोचत नसे. जनावराला सडकेची भीती वाटावी असा वेगच कुणाकडे नव्हता.

वेग आला तो मोटारीबरोबर. अमेरिकेत ही गोष्ट लवकर ध्यानात आली. १९२४ च्या उन्हाळ्यात डेटन स्टोनर नावाचा प्राणिशास्त्रज्ञ पत्नीसह आयोवा राज्यात मोटारीने जाऊन परत आला. ६३२ मैलांच्या त्या प्रवासात रस्त्यावर मरून पडलेले २९ जातींचे २२५ प्राणी आणि पक्षी त्याने मोजले आणि पुढच्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात ते मांडले. तेव्हाच्या मोटारी आजच्या स्कूटरइतक्याही धावत नसत. तरीही त्याने लिहिले की प्राणी संपवणाऱ्या कारणांत आता मोटारीची गणना करावी लागेल.

आपल्याकडे मोटार आधी शिकाऱ्याच्या हातात गेली. मचाणावर रात्र जागण्यापेक्षा गाडीत बसून जंगलवाटेने जायचे आणि प्रखर झोत टाकून समोरचे जनावर टिपायचे, ही सोय संस्थानिकांपासून साहेबापर्यंत सगळ्यांना आवडली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपा स्वस्तात बाजारात आल्या आणि जिथे घोडाही जाईना तिथे बंदूक पोहोचली. झोत पडला की चितळ जागीच का थिजते, याला कारण आहे. रात्री वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो. अंधारातला अंधुक उजेड त्यांना पुरतो, पण मोटारीचा दिवा अंगावर आला की काही क्षण काहीच दिसत नाही. जीपमधल्या शिकाऱ्याला जे लाभाचे होते तेच आज रात्रीच्या ट्रकपुढे सांबराचा जीव घेते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे ओळखले होते. मूळ कायद्याच्या सतराव्या कलमात शिकारीच्या निषिद्ध पद्धतींची यादी होती आणि तीत चाकांच्या वाहनातून किंवा वाहनाच्या साह्याने शिकार करणे हेही होते. फास, विष आणि स्फोटकांच्या पंगतीत मोटार बसली होती. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याने शिकार करण्याची व्यवस्थाच संपली, तेव्हा ते कलम गळाले. ठरवून मारणारी मोटार अशी कायद्याच्या बंधनात आली. नकळत मारणाऱ्या मोटारीचा विचार मात्र व्हायचाच राहिला.

त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. परवानगीवाचून मारलेला, पकडलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरली. असा प्राणी ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचे. नियम योग्यच होता. नाहीतर हरणाची पाडसे घरोघरी दोरीला बांधलेली दिसली असती. पण मालकी घेणाऱ्या खात्यापाशी उपचाराची सोय नव्हती. वनरक्षकाच्या हाती काठी आणि पंचनाम्याचा कागद. तालुक्याचा डॉक्टर गुरांचा. जखमी बिबट्याला भूल किती द्यायची, हे त्याला कुणी शिकवलेले नसे. नागपूरच्या आसपासचे प्राणी महाराजबागेत आणले जात. १८९४ पासूनचे ते प्राणिसंग्रहालय, म्हणजे लोकांनी येऊन बघण्याची जागा. हाड मोडलेल्या रोह्याला तिथे हवा तसा अंधार आणि एकांत मिळणार कुठून?

अंधार आणि एकांत हे शब्द इथे सहज आलेले नाहीत. हरणवर्गातले प्राणी जखमेपेक्षा धसक्याने लवकर मरतात. माणसांचा गराडा, आवाज आणि दोरीची ओढाताण यांमुळे स्नायूंवर असा ताण येतो की ते आतून झिजू लागतात आणि हृदय व मूत्रपिंडे निकामी होतात. पाय मोडलेले चितळ सापडते तेव्हा डोळे उघडे ठेवून शांत पडलेले दिसते, लोक त्याला कुरवाळतात, पाणी पाजतात, आणि ते दगावते. प्रेमापोटी केलेल्या या मदतीने किती प्राणी गेले असतील याची कुठेही नोंद नाही.

महाराष्ट्रात उपचाराची घडी बसायला बिबट्यांनी भाग पाडले. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नरच्या उसात माणूस आणि बिबट्या यांचा संघर्ष पेटला. पकडलेले बिबटे ठेवायचे कुठे, या अडचणीतून माणिकडोहचे निवारा केंद्र उभे राहिले. विहिरीत पडलेले, फाशात अडकलेले, पुणे–नाशिक रस्त्यावर गाडीने उडवलेले, असे बिबटे पुढे तिथे येत राहिले. नागपुरात सेमिनरी हिल्सवर २०१५ मध्ये वनखात्याने ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर सुरू केले. प्राणी आणायचा, बरा करायचा आणि जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा, एवढाच त्याचा हेतू. देशातला हा पहिला प्रयोग मानला जातो. नागपूरच्याच गोरेवाड्याचे बचाव केंद्रही त्याच सुमाराला उभे राहिले. जे परत सोडता येत नाहीत त्यांचे आयुष्य पिंजऱ्यातच जाते. शिकाऱ्यांच्या सापळ्यात २०१२ मध्ये पंजा गमावलेल्या ‘साहेबराव’ वाघाला जानेवारी २०२० मध्ये नागपुरात कृत्रिम पंजा बसवून पाहिला गेला. शुद्धीवर येताच त्याने तो काढून टाकला.

दवाखाने आले, तोवर रस्ते चौपदरी झाले होते. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस बोरच्या जंगलातला ‘बाजीराव’ हा नावाजलेला वाघ नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. त्याला उपचारांची संधीच नव्हती. गोंदिया जिल्ह्यातली घटना अधिक बोचणारी आहे. १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका मोटारीने तरुण वाघाला धडक दिली. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधली ही वाघांची येण्याजाण्याची वाट. पाय मोडलेला तो वाघ रस्त्यावरून स्वतःला ओढत झुडपात गेला. त्याचे चित्रण दुसऱ्या दिवशी देशभर फोनवर फिरले. रात्री त्याला ताब्यात घेता आले नाही. सकाळी पिंजऱ्यात घेऊन गोरेवाड्याकडे नेत असताना वाटेतच तो मेला. नागपूर तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पाय मोडलेल्या जनावराला हा प्रवास झेपत नाही. वाघांच्या या वाटेवर, जवळच, उपचाराची जागा हवी, ही मागणी तेव्हापासून अधिकच रास्त ठरली आहे.

उपचार कितीही चांगले झाले तरी ते धडकेनंतरचे. धडक टाळण्याचा लढा पुन्हा त्या जुन्या सडकेवरच लढला गेला. नागपूर–जबलपूर रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ७ झाला होता, पुढे त्याला ४४ क्रमांक मिळाला. पेंच व्याघ्र प्रकल्पाला लागून जाणारा तुकडा चौपदरी करायचे ठरले तेव्हा वन्यजीव कार्यकर्ते आडवे आले. छिंदवाड्यावरून पर्यायी रस्ता न्या, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाची केंद्रीय उच्चाधिकार समिती, राष्ट्रीय हरित लवाद आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशा तिन्ही दारांत हा वाद गेला. काही वर्षे रस्त्याचे काम रखडले, खड्ड्यांनी प्रवाशांचे हाल झाले, आणि ‘वाघ मोठा की माणूस’ हा ठरलेला वाद वर्तमानपत्रांतून रंगला. अखेर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने रस्ताच जागोजागी उचलायचे ठरले. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ रचना झाल्या. सर्वांत लहान ५० मीटर रुंद, सर्वांत मोठी ७५० मीटर. वरून ट्रक, खालून रान.

जनावरे पुलाखालून जातील का, अशी शंका पुष्कळांना होती. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात लावलेल्या कॅमेऱ्यांनी तिचे उत्तर दिले. अठरा जातींच्या वन्यप्राण्यांच्या ५,४५० नोंदी मिळाल्या आणि वाघ ८९ वेळा खालून गेले. त्या वादात रस्ता अडवून धरणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हटले गेले होते. ते अडले नसते तर या नऊ रचना झाल्याच नसत्या, हे स्वच्छपणे मान्य करायला हवे.

कर्नाटकाने बंदीपूरला याहून सोपा उपाय केला. २००९ पासून तिथल्या जंगलातले महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद केले गेले आणि उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते उचलून धरले. केरळातून आजही त्याला विरोध होतो. महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग बांधताना प्राण्यांसाठी उड्डाणमार्ग आणि भुयारी मार्ग आराखड्यातच घेतले गेले, ही पेंचच्या भांडणाची कमाई. मुरदोलीसारख्या राज्य आणि जिल्हा रस्त्यांचे काय, हा प्रश्न मात्र तसाच पडून आहे. नव्या गुळगुळीत डांबरावर तिथे वेग वाढतो. रात्री उबदार डांबरावर साप येतात, मेलेल्याला खायला कोल्हे आणि तरस येतात, आणि एका धडकेतून दुसरी घडते.

तोवर भार आहे तो गाडी चालवणाऱ्यावर. धडक बसल्यावर बहुतेक जण गुन्ह्याच्या भीतीने निघून जातात. जनावराला वाचवता येण्याचे तास नेमके तेच असतात. गाडी सुरक्षित अंतरावर थांबवून धोक्याचे दिवे लावावेत आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. किलोमीटरचा दगड किंवा जवळच्या गावाची पाटी सांगावी, म्हणजे रात्री पथकाला शोधाशोध करावी लागत नाही. वाघ, बिबट, अस्वल किंवा रानडुक्कर असेल तर गाडीतून उतरू नये. चितळ असेल तर लांबूनच मागच्या गाड्या थांबवाव्यात, दिव्याचा झोत वळवावा, गर्दी जमू देऊ नये आणि पाणी पाजू नये. पक्षी, उदमांजर असा लहान जीव कापडाने अलगद झाकून हवा लागेल अशा खोक्यात अंधारात ठेवावा आणि घरी न नेता खात्याच्या हवाली करावा. मादी मेली असेल तर जवळपास पिल्लू आहे का, हेही कळवावे. जनावर उठून चालत रानात गेले तरी फोन करावा. आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही, आणि माग काढायला आजही वनमजूर आहेत, त्यांतले कितीतरी त्याच गोंड मागकाढ्यांचे नातू.

मेळघाट, ताडोबा, पेंच किंवा नागझिऱ्याच्या बाजूने रात्री ज्यांची गाडी जाणार असेल, त्यांनी १९२६ हा क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये साठवून ठेवावा आणि जंगलाची पाटी दिसताच वेग निम्म्यावर आणावा.