मृगया, माग आणि मौन

भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातील सपाट काळ्या रानात 'हरिण' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते काळवीट. उत्तरेस मेळघाटच्या कड्याकपारींत मात्र सांबराचे राज्य. काळविटाची शिंगे आयुष्यभराची. सांबर आपली टाकून नवी धारण करते. शास्त्राने दोघांची कुळे वेगळी मानली, भाषेने 'मृग' या एकाच शब्दात त्यांना नांदवले.

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड जिंकला, १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्यांच्या हाती गेला आणि सातपुडा गोऱ्या शिकाऱ्यांना मोकळा झाला. जेम्स फॉरसिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ मधला. त्या परंपरेतील शिकारग्रंथांत चढण, चाहूल आणि नेम साहेबाच्या नावावर जमा होतात. माग काढणारे, हाका करणारे, डोक्यावर बिऱ्हाड वाहणारे कोरकू व गोंड बहुधा निनावीच राहतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद केली. वन्यजीवांसाठी ते आवश्यकच होते. पण साहेबाची शिकार ग्रंथरूपाने उरली आणि कोरकूचे मागकरीपण संशयास्पद ठरले, ही विसंगती आम्हांला महत्त्वाची वाटते. मेळघाटात वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आदिवासींचे अरण्यज्ञान मराठीत आणले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे. शिकारकथा शिकवताना बंदूक कोणाची, याआधी वाट कोणी दाखवली, हे विचारले पाहिजे.