डाहलेम येथील पहिला हिवाळा : इरावती कर्वे यांच्या बर्लिन-वास्तव्याविषयी

अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव गुजरातच्या सरहद्दीलगत, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. पूर्वी ते पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ पासून हा भाग नंदुरबार जिल्ह्यात आला. या गावाचा बर्लिनशी काय संबंध, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. संबंध आहे तो दूरान्वयाचा, परंतु कल्पनेतला नव्हे. पश्चिम खानदेशातील भिल्लांची जी सामाजिक व आर्थिक पाहणी इरावतीबाई कर्वे यांच्या नावावर आहे आणि जी १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाली, तिच्या मागे असलेली शास्त्रीय शिस्त बर्लिनच्या डाहलेम या उपनगरात घडली होती. माणसांच्या समूहाकडे मोजपट्टी घेऊन कसे जावे, आणि मोजून झाल्यावर कोणते अनुमान काढू नये, या दोन्ही गोष्टींचा धडा त्यांना तेथे मिळाला. त्यांतील दुसऱ्या धड्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंते होते. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. पुण्यास हुजुरपागेत शिकत असता त्या रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या घरी मुलीप्रमाणे वाढल्या. ही गोष्ट केवळ चरित्राचा तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झालेला पुरुष ज्या घरचा कर्ता, त्या घरात विलायतेचे शिक्षण हा नवलाचा विषय राहत नाही. त्यांची समवयस्क मैत्रीण शकुंतला परांजपे हीसुद्धा त्याच सुमारास केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गणित शिकत होती. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन इरावतीबाईंनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. तोवर त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालेला होता. दिनकररावांनी स्वतः रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण जर्मनीत घेतले होते.

पत्नीला जर्मनीस पाठविण्याचा दिनकररावांचा विचार त्यांच्या वडिलांना मात्र पसंत पडला नाही. ज्या धोंडो केशव कर्व्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले, त्यांनीच सुनेच्या परदेशगमनास अनुकूलता दाखवू नये, याचा पुष्कळांना अचंबा वाटतो. मला तो फारसा वाटत नाही. अण्णांची स्त्रीशिक्षणाची कल्पना मातृभाषेतून चालणाऱ्या, संसारास धरून असणाऱ्या शिक्षणाची होती; तीत डाहलेमच्या प्रयोगशाळेला जागा नव्हती. पुढे १९२९ मध्ये ते स्वतःच युरोपच्या प्रवासास निघाले, हा योगायोगही नोंदण्यासारखा आहे. इकडे पैशाची सोय डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. हेच जीवराज मेहता १ मे १९६० रोजी गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्या दिवशी आखल्या गेलेल्या सीमेपासून खापर फार लांब नाही.

नोव्हेंबर १९२८ मध्ये, वयाला तेवीस वर्षे पुरी होण्याआधीच, इरावतीबाई जर्मनीस गेल्या. त्या महिन्याच्या अखेरीस बर्लिनमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनीस पहिला धक्का बहुधा या अंधाराचाच बसला असेल. शहर चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे. डाहलेम हे १९२० साली महानगरात सामील झालेले, बागा आणि संशोधनसंस्थांचे उपनगर. शहराशी त्याला भुयारी रेल्वेने जोडलेले. प्रशियाच्या विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळू लागल्यास तेव्हा अवघी वीस वर्षे झाली होती. नवी भाषा, परकी ऋतुचर्या आणि परतफेडीचे कर्ज, इतके ओझे घेऊन प्रत्यक्ष काम आरंभावयाचे होते.

ते काम होते कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी अनुवंश व सुप्रजनन संस्थेत. संस्था १९२७ च्या सप्टेंबरात उघडलेली, म्हणजे जेमतेम वर्षाची. संचालक ऑयगेन फिशर. जर्मन नैऋत्य आफ्रिकेतील मिश्रवंशीय रेहोबोथ लोकांवरील १९१३ च्या ग्रंथामुळे त्यांचे नाव झाले होते. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीस विषय दिला तो कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेचा. गुरूंची अपेक्षा अशी होती की, युरोपीयांच्या कवटीत ही विषमता विशेष आढळेल आणि तिचा संबंध मेंदूच्या पुढल्या भागाच्या वाढीशी, म्हणजेच बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी, जोडता येईल. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि विषमता यांचा असा संबंध त्यांना आढळला नाही, आणि आढळला नाही असेच त्यांनी लिहिले. मानवी कवटीच्या स्वाभाविक विषमतेवरील हा प्रबंध १९३१ मध्ये छापला गेला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने जरा थांबावे. अलीकडे या प्रसंगाचे वर्णन ‘नाझी वंशवादास आव्हान’ अशा शब्दांत केले जाते. ते ऐकावयास बरे वाटते. पण कालक्रमास धरून नाही. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षास अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. १०७ मिळाल्या त्या सप्टेंबर १९३० मध्ये. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले १९३३ साली, आणि पक्षाचे सभासद तर १९४० मध्ये. इरावतीबाईंपुढे जो पुरुष बसला होता तो कोणा झुंडीचा पुढारी नव्हता, तर ज्याच्या संस्थेस देशोदेशी मान होता असा नामांकित शास्त्रज्ञ होता. माझ्या मते त्यांच्या नकाराचे मोल यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. बदनाम झालेल्या मताविरुद्ध उभे राहणे त्या मानाने सोपे. सर्वमान्य गुरूने दिलेल्या गृहीतकाला, परक्या भाषेत, पदवी त्याच्याच हाती असताना, आकड्यांनिशी ‘नाही’ म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे.

तरीही दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. मोजणी त्यांनी टाकून दिली नाही. परत आल्यावर त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव झाल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन करू लागल्या. तेथून त्यांनी महाराष्ट्रातील जातीजमातींची मापे घेण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले, वि. म. दांडेकर यांच्यासह सिद्ध केलेला त्याविषयीचा ग्रंथ १९५१ चा आहे. श्रेष्ठ-कनिष्ठतेचे अनुमान त्यांनी नाकारले, परंतु माणसाचे डोके मोजल्याने त्याच्या समूहाचा इतिहास उलगडतो हा विश्वास डाहलेमहून त्यांच्याबरोबर आला. ज्यांची मापे घेतली गेली त्यांना त्या आकड्यांचे काय वाटले, हे त्या तक्त्यांत कोठेच सापडत नाही. आज आपल्या वर्गात वसावे, पाडवी, वळवी या आडनावांचे विद्यार्थी बसतात. त्यांनी हा प्रश्न विचारला तर तो अवघड आहे म्हणून टाळू नये.

जाता जाता शब्दाविषयी. संस्कृत ‘कर्पर’ या शब्दाचे अर्थ दोन, मडक्याचे खापर आणि कवटी. खानदेशात ज्यावर मांडे भाजतात तेही खापरच. गावाचे नाव यावरूनच पडले असे म्हणण्याचा मोह मी आवरतो.

डाहलेममधील ती इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे आणि तेथे राज्यशास्त्र शिकविले जाते. २०१४ साली तिच्या परिसरात खोदकाम चालू असता मानवी हाडे सापडली. पुढील उत्खननांत त्यांचे हजारो तुकडे निघाले. ती हाडे कोणाची, कोठल्या देशाची, हे वंशशास्त्राच्या पद्धतीने पुन्हा तपासावयाचे नाही असा निर्णय झाला, आणि मार्च २०२३ मध्ये डाहलेमच्याच वन-स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.