गोरिओच्या मुली आणि रास्तिन्याकची आई

ओनोरे द बाल्झाकची ‘पेर गोरिओ’ ही कादंबरी डिसेंबर १८३४ पासून क्रमशः आणि १८३५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिची चर्चा बहुधा ‘किंग लिअर’चे बोट धरून होते : बाप सर्वस्व देतो, मुली पाठ फिरवतात. हे वाचन चुकीचे नाही; पण त्यामुळे कादंबरीतील इतिहास झाकला जातो, असे आम्हांला वाटते.

गोरिओ हा शेवयांचा व्यापारी. राज्यक्रांतीच्या काळात धान्यटंचाई असताना त्याने पिठाच्या व्यवहारात संपत्ती मिळवली. तिच्यातून दिलेल्या हुंड्यावर एक मुलगी काउंटेस झाली, दुसरी बँकरची पत्नी. नेपोलियनच्या साम्राज्यात जावयांनी या सासऱ्याला चालवून घेतले. बूर्बाँ राजे परतल्यावर मात्र क्रांतीत कमावलेला म्हातारा दिवाणखान्यात अडचणीचा ठरला. त्याचा पैसा चालला, पैशाचा उगम चालला नाही. मुलींच्या हातीही फारसे नव्हते. १८०४ च्या नागरी संहितेने विवाहितेला पतीच्या आज्ञेत ठेवले होते आणि १८१६ मध्ये घटस्फोटाची वाटही बंद झाली. हुंडा नवऱ्यांच्या ताब्यात गेला. गरज पडली की मुलींना बापाचेच दार उरले.

या घरगुती हिशेबात रास्तिन्याक कोठे बसतो? कथा १८१९ मध्ये सुरू होते, तेव्हा तो कायद्याचा विद्यार्थी आहे. आंगुलेमजवळच्या त्याच्या घराचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,००० फ्रँक. त्यांतील १,२०० त्याच्यावर खर्च होतात. तरीही उच्चभ्रू समाजात मिरवण्यासाठी तो घरी पैसे मागतो. आई दागिने मोडते, आत्या जपलेल्या वस्तू विकते, बहिणी साठवलेले पैसे पाठवतात. आपण गोरिओच्या मुलीसारखेच वागलो, हे त्याला स्वतःलाच उमगते. कादंबरीचे नैतिक केंद्र आम्हांला येथे दिसते : ज्यांची आपण निंदा करतो, त्यांच्याच रांगेत आपण उभे आहोत.

फरारी कैदी व्होत्रँ त्याला सरळ सौदा सुचवतो : विक्तोरीनच्या भावाचा द्वंद्वात काटा काढू, वारसा तिला मिळेल, तू तिच्याशी लग्न कर आणि मला २,००,००० फ्रँक दे. रास्तिन्याक हा सौदा नाकारतो. पण गोरिओने उरल्यासुरल्या पैशातून सजवलेले घर तो स्वीकारतो. रक्त नको, सोय हवी. बाल्झाक त्याला खलनायक करत नाही. मरणाऱ्या गोरिओच्या उशाशी रास्तिन्याकच असतो, मुलगी पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो.

पेर लाशेझ स्मशानभूमीत मुलींच्या रिकाम्या गाड्या येतात. कबर खणणाऱ्यांना देण्यासाठी रास्तिन्याक नोकराकडून २० सू उसने घेतो आणि पॅरिसला आव्हान देऊन देल्फीनकडे जेवायला जातो. या जेवणाला विजय म्हणावे की शरणागती, हे बाल्झाक सांगत नाही. निवाडा करण्यापूर्वी वाचकाने मागे वळून आंगुलेमच्या त्या घराकडे पाहावे.