ढाक्याचे काँक्रीट

मुस्लिम वास्तुकला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताजमहाल, गोलघुमट, बीबी का मकबरा उभे राहतात. घुमट आणि मिनार असला की इमारत आपली, नसला की परकी, असा हिशेब आपण कळत-नकळत करून ठेवला आहे. ढाक्याचे जातीय संसद भवन या हिशेबात बसत नाही. करडे, उघडे काँक्रीट. ना रंग, ना गिलावा. भिंतींत कापलेली प्रचंड वर्तुळे आणि त्रिकोण. प्रथमदर्शनी काम अर्धवट राहिले की काय असे वाटावे! या धाटणीला 'ब्रुटॅलिझम' म्हणतात. नाव ऐकून क्रौर्य आठवते, पण मूळ फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ 'कच्चे काँक्रीट' एवढाच. आम्हाला ही वास्तू मोलाची वाटते, ती तिच्या इतिहासामुळे.

पाकिस्तानची बहुसंख्य प्रजा पूर्व बंगालात, सत्ता आणि पैसा मात्र पश्चिमेकडे. ही नाराजी शमविण्यासाठी अयुबखानांनी ढाक्याला दुसरी राजधानी देऊ केली. नव्या संसद भवनाचे काम आले मझहरुल इस्लाम यांच्याकडे. 1950 च्या दशकात ढाक्याच्या कलाशाळेची हवेशीर इमारत बांधून त्यांनी बंगालच्या आधुनिक वास्तुकलेचा पाया घातला होता. असे काम आयुष्यात एकदाच येते. त्यांनी ते स्वतःकडे न ठेवता जगातला श्रेष्ठ वास्तुकार आणा, असा आग्रह धरला. असे मन किती जणांपाशी असते? अखेर 1962 मध्ये अमेरिकेतील लुई कान यांची निवड झाली. मुस्लिम राष्ट्राच्या संसदेचा आणि तिच्यातल्या मशिदीचा आराखडा एका यहुदी माणसाने काढला, हेही आपण लक्षात ठेवावे.

बंगालची भूमी गाळाची. तिथे दगड नाही, आहे ती माती आणि वीट. बांबूच्या पराती बांधून, डोक्यावरून पाट्या वाहून हजारो मजुरांनी हे काँक्रीट चढवले. एका वेळी पाच फूट भिंत ओतायची. दोन थरांमधला सांधा ओबडधोबड दिसायचा. कान यांनी तिथे पांढऱ्या संगमरवराची पट्टी बसवली. अडचणीवरचा हा उपाय आज त्या इमारतीचा दागिना आहे.

मशीद त्यांनी प्रवेशाशीच ठेवली. सारी इमारत एका अक्षावर आणि मशीद तेवढी किंचित वळलेली, कारण तिला किबल्याकडे तोंड करायचे आहे. नकाशा पाहताना हा तिरकेपणा चटकन डोळ्यांत भरतो. घुमट नाही, मिनार नाही. चार कोपऱ्यांत पोकळ गोल बुरूज आहेत आणि त्यांतून उजेड आत झिरपतो.

1971 च्या युद्धात काम थांबले. ज्या राज्याने ते सुरू केले त्याची तिथली सत्ताच संपली, आणि मनधरणीसाठी दिलेली इमारत स्वतंत्र बांगलादेशाची निशाणी झाली. कान यांना ती पूर्ण झालेली पाहता आली नाही. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने त्यांना अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे काम मिळाले होते. तिथून परतताना मार्च 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. जानेवारी 1982 मध्ये संसद भवनाचे उद्घाटन झाले आणि मार्चमध्ये जनरल इर्शाद यांनी लष्करी कायदा पुकारला. लोकशाहीचे घर तयार, आणि लोकशाहीच बेपत्ता! 1989 मध्ये या वास्तूला आगाखान पुरस्कार मिळाला. 5 ऑगस्ट 2024 रोजी शेख हसीना देश सोडून गेल्या, तेव्हा लोकांचे लोंढे याच भवनात शिरले.

संसद भवनाला निदान कीर्तीचे कवच आहे. त्याच काळातले कमलापूरचे रेल्वे स्थानक, काँक्रीटच्या छत्र्यांखाली विसावलेले, 1968 साली सुरू झाले. पावसाच्या मुलखात स्थानकावर छत्र्या धराव्यात, ही कल्पनाच किती आपुलकीची! 2020 च्या सुमारास मेट्रोसाठी ते पाडण्याची भाषा सुरू झाली. ढाका विद्यापीठाचे विद्यार्थी-शिक्षक केंद्र ग्रीक वास्तुकार डॉक्सियाडिस यांचे. तेही पाडून बहुमजली इमारत उभारण्याचा घाट घातला गेला. तेव्हा ढाक्यातलेच वास्तुकार आणि विद्यार्थी विरोधाला उभे राहिले. त्यांच्या आजोबांच्या पिढीने ही इमारत नवी कोरी पाहिली होती.