कोंडाण्याचे वासे, चौकचा दरबार

कर्जतहून कोंदिवडे गाठायचं आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून चढत कोंडाणे लेण्यांपर्यंत जायचं. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरच धबधबा कोसळत असतो, त्यामुळे आधी भिजायचं आणि मग पाहायचं.

ही बौद्ध लेणी सुमारे 2000 वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाची पिंपळपानासारखी कमान पाहताना वाटतं, हे काम सुताराचं. तुळया, वासे, कठडे, जाळ्या, सगळं लाकडासारखं, पण कोरलंय कातळात. कारागिरांच्या डोळ्यांपुढे होत्या त्या लाकडी इमारती. त्या कधीच कुजल्या, जळाल्या. त्या काळी छत कसं पेलत, तुळईवर वासा कसा टेकवत, हे आज समजतं ते बरंचसं अशा लेण्यांतल्या नकलेवरून. इथे अस्सल गेलं आणि नक्कल टिकली!

कमानीच्या दोन्ही अंगांना, वर, चौकटी आहेत. त्यांत स्त्री-पुरुष नाचताहेत: डोक्यावर भरघोस शिरोभूषणं, कमरेत वाक, पाय मुडपलेले. विरक्तांच्या दारावर नाच कशाला, असा प्रश्न आपल्याला पडतो. त्या काळच्या दात्यांना आणि भिक्खूंना तो पडलेला दिसत नाही. शेजारीच एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच तो सांगतो. राजाचं नाव नाही, कारागिराचं आहे. आतले बरेच खांब मात्र ओलीने झडून गेले.

लेण्यांबाहेर, ठाकर आदिवासींच्या वाड्यांत कारवीचा कूड शेणामातीने लिंपून घरं उभी राहत. कारवी कुजली की कूड नवा घालायचा. घर टिकवण्यापेक्षा ते पुन्हा बांधता येणं महत्त्वाचं. तिथला ढोलाच्या तालावरचा फेराचा नाचही तसाच, दर पिढीने नव्याने धरायचा.

खालापूर तालुक्यात, चौकजवळ, कोंडाण्यातला व्यवहार उलटा झाला. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 साली एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला, 2008 मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचं चित्रीकरणही तिथलंच. कोंडाण्यात दगडाने लाकडाचं सोंग घेतलं होतं. इथे लाकूड आणि प्लॅस्टर दगड झाले.

याच रायगड जिल्ह्यातला शिवाजी महाराजांचा खरा रायगड किल्ला मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे पडला आणि वाड्यांचं लाकूडकाम आगीत गेलं. गडावर उरली जोती आणि भिंती. त्यामुळे मालिका पाहून वाढलेल्या पिढीच्या मनातला शिवकालीन दरबार बराचसा चौकच्या सुतारांनी घडवला, असं म्हणायला हरकत नाही. इतिहासकारांना ते रुचणार नाही. पण मोकळ्या जोत्यावर दरबार भरवणं सगळ्यांना जमत नाही, हेही खरं.

2 ऑगस्ट 2023 रोजी देसाईंनी याच स्टुडिओत जगाचा निरोप घेतला. त्यांनी उभारलेल्या तटबंद्या कातळाच्या नाहीत. त्या राखायच्या, तर कर्जत-खालापूरच्या पावसानंतर दरवर्षी रंग-प्लॅस्टरची डागडुजी आलीच.